आधी पाणी, मग औषध : समुद्री मत्स्यालयातल्या अचानक दुखापती आणि आजार

मासा अचानक आजारी दिसला की खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा माणूस दुकानदाराला फोन लावतो आणि विचारतो, "कोणतं औषध टाकू?" प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, पण त्याची वेळ नंतरची आहे. आधी ठरवायचं ते हे की पाणी बिघडलंय, माशाला इजा झालीय, की एखादा परजीवी टाकीत पसरतोय. तिन्ही वेळा मासा तसाच दिसतो. तो खात नाही, कोपऱ्यात उभा राहतो, कल्ले भराभर हलवतो, त्याचा रंग उतरतो. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. समुद्री माशांच्या रोगांवरचं संशोधन आणि हौशी लोकांनी साठवलेला अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: पहिल्या तासात औषधाची बाटली न उघडणारा माणूस माशाच्या जास्त उपयोगी पडतो.

आपल्याकडे समुद्री टाकीकडे वळणारा माणूस बहुधा गोड्या पाण्यातून आलेला असतो आणि येताना तिथल्या सवयी घेऊन येतो. गोल्डफिशला ठिपके आले की खडेमीठ टाकायचं, हीटर दोन अंश वाढवायचा, मेथिलिन ब्लूचे थेंब सोडायचे. इथे यातलं काहीच चालत नाही. मीठ तर पाण्यात आहेच. तापमान वाढवल्याने समुद्री परजीवी मरत नाही, उलट पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. मेथिलिन ब्लू मुख्य टाकीत टाकलं तर अमोनिया पचवणारे जिवाणू आणि अपृष्ठवंशी प्राणी दोन्ही धोक्यात येतात.

या फरकाच्या मुळाशी माशाचं शरीर आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपण पाळतो त्या हाडांच्या माशांच्या रक्तातली क्षारता त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे समुद्री माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. या सगळ्याला शक्ती लागते. त्वचेवरचा चिकट थर खरवडला गेला, खवले निघाले किंवा कल्ल्यांना सूज आली, की हा तोल ढळतो. जखमी समुद्री मासा पाण्यात राहूनच सुकत जातो. जखमेत जंतू वाढण्याआधीच तो गळतो तो यामुळे.

म्हणून आधी पाहावं. कोण आजारी आहे, एक मासा की सगळे? नुकतं काय बदललं? आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ कसे आहेत? ही शेवटची खूण फार कामाची आहे. माशांबरोबर कोळंबीही लोळत असेल, प्रवाळ मिटले असतील, तर संशय पाण्यावर घ्यावा. कोळंबी मजेत फिरतेय आणि फक्त मासे धापा टाकताहेत, तर दोन शक्यता उरतात, परजीवी किंवा ऑक्सिजनची टंचाई, कारण ऑक्सिजन कमी पडला की मोठे, चपळ मासे आधी कासावीस होतात.

ऑक्सिजनचं गणित आपल्या हवेत विशेष कडक आहे. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. ३० अंशांना तो सव्वासहापर्यंत उतरतो. मे महिन्याची रात्र, लाईट गेलेली, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, अशा वेळी भरलेल्या टाकीत काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागतात. इथे औषधाचा काही संबंध नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावावा. तो नसेल तर जगने पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडत राहावं. बर्फाच्या बंद बाटल्या पाण्यात तरंगत ठेवल्या तर तापमान हळूहळू खाली येतं. पृष्ठभागावर पंखा सोडणं हाही चांगला उपाय आहे, पण मुंबईच्या दमट हवेत तो पुण्याइतका चालत नाही. शिवाय बाष्पीभवनाने क्षारता वाढते, तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी आर.ओ.चं गोडं पाणी भरावं लागतं. चिलरवर पन्नास हजार खर्च करणाऱ्या माणसानेही बॅटरीचा हवापंप घरात ठेवावा, असं मला आग्रहाने वाटतं.

दुसरा संशयित अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप जास्त विषारी आहे. पीएच एका अंकाने चढला की त्या विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात निभावून गेला असता एवढा अमोनिया इथे जीव घेतो. नायट्राइटचं उलट आहे. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे त्याचा त्रास बराच कमी होतो, म्हणून चाचणीत नायट्राइट दिसलं तर घाबरण्याचं कारण नाही. अमोनिया दिसला तर मात्र लगेच पाणी बदलायला घ्यावं.

दुकानातून आणल्याच्या दिवशीच मासा का दगावतो, याचंही एक उत्तर इथे सापडतं. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि पीएच उतरतो, त्यामुळे तो अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग तासन्तास थेंबथेंब पाणी सोडून "सवय" लावत बसणं म्हणजे माशाला त्या विषात कोंडणं. कुर्ल्याहून दादरला आणलेल्या माशाचं ठीक आहे, पण परदेशातून विमानाने आलेल्या माशासाठी क्वारंटाइन टाकीची क्षारता आधीच पिशवीइतकी करून ठेवावी, तापमान जुळवावं आणि मासा पटकन आत सोडावा.

तिसरं कारण घराच्या हवेतून येतं. दिवाळीआधी रंगकाम निघतं, पेस्ट कंट्रोल होतं, संध्याकाळी डासांची कॉइल किंवा लिक्विड मशिन लागतं. या कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण मासे आणि कोळंबीला ती अतिशय विषारी आहेत. टाकीचा हवापंप तीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. अशा दिवशी टाकी झाकावी, पंप खिडकीबाहेरची हवा घेईल असा ठेवावा आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावावा. आधीच विषबाधा झाली असेल तर कार्बन आणि मोठा पाणीबदल, एवढंच हातात असतं.

आता दुखापती. त्यांची कारणं तीच ती आहेत. रास आणि फायरफिश उडी मारून बाहेर पडतात; पॉवरहेडच्या जाळीत पर अडकतो; रचलेला दगड कोसळतो; दोन टँग भिडतात. टँगच्या शेपटीच्या बुंध्याशी नस्तरासारखा धारदार काटा असतो, त्याने झालेली जखम सरळ रेषेत आणि खोल दिसते. जाळं हेही दुखापतीचं एक कारण आहे. कल्ल्याच्या झाकणावरचा काटा जाळ्यात अडकला की सोडवताना डोळा किंवा त्वचा फाटते. मासा शक्यतो डब्यात हाकलून उचलावा.

उडी मारलेला मासा जिवंत सापडला तर ओल्या हाताने लगेच पाण्यात ठेवावा. अंगाला चिकटलेली धूळ पुसायला जाऊ नये, पुसताना चिकट थरही निघून येतो. मग दिवे मंद करावेत आणि त्याच टाकीत छिद्रांच्या डब्यात त्याला वेगळं ठेवावं. पाणी ओळखीचं राहतं आणि बाकीचे मासे टोचत नाहीत. इथे आपल्या हाताला आवर घालावा लागतो. माशाच्या त्वचेची भरून येण्याची ताकद विलक्षण आहे. छोट्या जखमेवर वरच्या थराच्या पेशी काही तासांत सरकू लागतात. पराचा बुंधा शाबूत असेल तर फाटलेला पर पुन्हा वाढतो. स्वच्छ पाणी, शांतता आणि खाणं एवढ्यावर बहुतेक वरवरच्या जखमा भरतात. जखमेवर हळद किंवा मलम लावायला मासा पाण्याबाहेर काढला, तर त्या हाताळणीनेच नवी जखम होते. खोल जखमेवर पशुवैद्य पोव्हिडोन आयोडिनचा बोळा फिरवतात, पण कल्ले आणि डोळे जपून. जखम मोठी असेल, मासा ढासळत असेल, तर वेगळ्या टाकीत क्षारतेचा आकडा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वरून १.०१८ च्या आसपास आणला की शरीरातून पाणी ओढलं जाण्याचा ताण हलका होतो. परत वर नेताना मात्र घाई नको, दिवसाला ०.००१ ते ०.००२ पुरे.

डोळा सुजून बाहेर येणं याचाही निवाडा असाच करता येतो. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलेला असतो आणि तो वेळ देऊन बरा होतो. दोन्ही डोळे सुजले तर आतला संसर्ग किंवा पाण्यात वायूंचं प्रमाण वाढलेलं असू शकतं. पराच्या कडांना फुलकोबीसारख्या पांढऱ्या गाठी येतात तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूजन्य आजार. दिसायला भयंकर, पण बहुधा आपोआप जातो. त्याला औषध देऊ नये.

ज्यांच्यामुळे सगळ्यात जास्त मासे गमावले जातात त्या परजीवींकडे आता येऊ. त्यांतल्या दोन मुख्य परजीवींची शास्त्रीय ओळख ई. एम. ब्राऊन या एकाच संशोधकाने करून दिली, दोन्ही वेळा लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या प्रकाशनांत: १९३१ साली ज्याला आपण व्हेल्व्हेट म्हणतो तो, आणि १९५१ साली क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स, म्हणजे समुद्री इच, पांढरे ठिपके. जपानमध्ये सिकामा यांनी या ठिपक्यांची नोंद १९३७ मध्येच केली होती.

इचबद्दलचे गैरसमज त्याच्या जीवनचक्रातून येतात. ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीत रुतून खाणारा परजीवी. तो तीन ते सात दिवस तिथे राहतो, मग गळून तळाला जातो, भोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. कवच फुटलं की शेकड्याच्या घरात पोहणारी पिल्लं बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा गाठला नाही तर मरतात. म्हणजे ठिपके नाहीसे होणं हा रोगाचा एक टप्पाच आहे. नेमक्या त्याच दिवशी कोणी लसूण घातलेलं खाद्य दिलेलं असतं, कोणी "रीफ-सेफ" बाटली ओतलेली असते, कोणी क्लीनर रास आणलेला असतो, आणि श्रेय त्याला जातं. आठवड्याभराने ठिपके परत येतात, या वेळी दसपट. भर म्हणजे वाचलेल्या माशांना काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती येते. त्यामुळे टाकी "बरी" दिसते, परजीवी आत राहतो आणि पुढचा नवा मासा त्याला बळी पडतो. लसणाने इच बरा होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. यूव्ही दिव्याने पोहणारी काही पिल्लं मरतात, तळाची कवचं तशीच राहतात.

खरे उपाय तीन आणि तिन्ही वेगळ्या टाकीत करायचे. तांबं हा जुना आणि खात्रीचा. मुक्त आयनरूप तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. खाली गेलं तर परजीवी जगतो, वर गेलं तर मासा मरतो. बांधीव तांब्याच्या औषधांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा बाटलीवरचं प्रमाण आणि त्याच औषधाला चालणारी चाचणी पाहिल्याशिवाय थेंबही टाकू नये. मुख्य टाकीत तांबं कधीच नको. कोळंबी, प्रवाळ, गोगलगायी मरतात आणि लाईव्ह रॉक व वाळू ते शोषून घेतात. अमोनिया बांधणारी काही रसायनं तांब्याबरोबर वापरली तर तांबं जास्त विषारी रूपात जाऊ शकतं, हे दुकानात फार कमी वेळा सांगितलं जातं.

दुसरा उपाय क्षारता १.००९ पर्यंत उतरवण्याचा. तो सौम्य आहे आणि अनेकदा चालतो, पण तैवानमध्ये दर हजारी ५ इतक्या कमी क्षारतेतही तग धरणारे प्रकार सापडले आहेत. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर थोडा चुकला तरी महिन्याची मेहनत वाया जाते. तिसरा उपाय टाकी बदलण्याचा. इस्रायलमधले कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर तो उभा आहे. दर तीन दिवसांनी मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ केलेल्या टाकीतल्या नव्या पाण्यात हलवायचा, असं चार-पाच वेळा. गळलेली कवचं जुन्या टाकीत राहतात आणि फुटेपर्यंत मासा तिथे नसतो. औषध शून्य, कष्ट भरपूर. नवशिक्याने इचसाठी हाच मार्ग धरावा असं मला वाटतं, कारण यात मात्रा चुकण्याची भीती नाही. तोवर मुख्य टाकी माशांविना ठेवायची. एकाच वेळी तयार झालेली कवचं ३ ते ७२ दिवसांपर्यंत पुढेमागे फुटत राहिल्याची नोंद आहे. ७६ दिवसांचा जो आकडा ऐकू येतो तो त्यावरूनच. एवढा काळ रिकामी टाकी बघणं जड जातं, पण यातून पळवाट नाही.

व्हेल्व्हेट मात्र इतका वेळ देत नाही. बारीक, पिठूळ धूळ अंगावर दिसेपर्यंत परजीवी कल्ल्यांत भरलेला असतो. मासा पॉवरहेडच्या प्रवाहात तोंड घालून उभा राहतो, खाणं सोडतो आणि दोन-तीन दिवसांत संपतो. कमी क्षारता त्याला मानवते आणि तीन दिवसांच्या टाकीबदलानेही त्याची खात्री देता येत नाही. इथे तांबं लागतं, आणि तेही त्याच दिवशी. मूठभर ठिपके मोजता आले आणि मासा खात असेल तर इच, ठिपके मोजता येत नाहीत आणि मासा धापा टाकतोय तर व्हेल्व्हेट धरून चालावं. क्लाऊनफिशच्या अंगावरून चिकट थर पापुद्र्यासारखा सुटू लागला तर तो ब्रुकलिनेला. त्यावर तांबं नीट चालत नाही, फॉर्मालिनचं स्नान लागतं, आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच द्यावं. अंग घासणारा, डोळे धुरकट झालेला मासा तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला आणि पांढुरके चपटे कण गळले, तर ते फ्लूक. त्यांना प्राझिक्वांटेल.

या सगळ्याला दुसरी टाकी लागते, आणि ती अपघाताच्या रात्री उभी राहत नाही. ४०-६० लिटरचा डबा, हीटर, हवापंप, झाकण, लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसीचे तुकडे, आणि मुख्य यंत्रणेत कायम मुरत ठेवलेला एक स्पंज फिल्टर. स्पंजावर जिवाणू तयार असले की टाकी तासाभरात वापरता येते. तसा स्पंज नसेल तर उपचाराच्या टाकीत मासा रोगाने नाही, अमोनियाने जातो. नवा मासा निरोगी दिसला तरी आधी तांब्यात ठेवावा की फक्त पाहत राहावं, यावर अनुभवी लोकांतही एकमत नाही. तांबं न सोसणारे मँडरिन, काही रास आणि छोटे एंजल पाहता मी निरीक्षणाच्या बाजूने आहे. औषध आणि चाचणी हाताशी ठेवून महिनाभर रोज लक्ष द्यावं.

अँटिबायोटिकबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. मेडिकलमधून आणलेली कॅप्सूल फोडून टाकीत ओतण्याची पद्धत आपल्याकडे रुजलीय. परजीवीवर तिचा उपयोग नाही, फिल्टरचे जिवाणू मारायला ती पुरेशी आहे, आणि ते पाणी मोरीतून पुढे जातं तेव्हा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या वाढीला हातभार लागतो. निदान आणि पशुवैद्याचा सल्ला नसेल तर ती देऊ नये. आणि जगण्याची शक्यताच नसलेल्या माशाला फ्रीजरमध्ये किंवा संडासात टाकणं क्रूर आहे. कोमट पाण्यात घुसळलेलं लवंगतेल भरपूर मात्रेत दिलं की तो आधी बेशुद्ध होतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान दहा मिनिटं त्याला तिथेच राहू द्यावं.

टाकीत हात घालणाऱ्याने स्वतःलाही जपावं. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जिवाणू १९२६ मध्ये ॲरॉन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या समुद्री माशांत शोधला. हाताच्या जखमेतून तो माणसाला होतो आणि महिनोन्महिने बरी न होणारी गाठ उठवतो. अशी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञाला घरात मासे आहेत हे आवर्जून सांगावं. लायनफिशचा काटा लागला तर भाजणार नाही इतक्या गरम, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात हात बुडवून थेट दवाखाना गाठावा.

काही मासे मात्र विकत घेताक्षणीच हरलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि नंतर इंडोनेशियातही सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले गेले. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कारण न कळता मरतो. म्हणून विकत घेण्याआधी मासा आपल्यासमोर खातो का, हे पाहावं. टाकीत जन्मलेला मासा मिळत असेल तर तोच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे क्लाऊनफिशची पैदास यशस्वी करून दाखवली आहे, त्यामुळे जंगली क्लाऊन आणण्याचं कारण उरत नाही.

या साऱ्या आढाव्यात उणीव ठसठशीत दिसते ती निदानाची. कल्ल्याचा चिमूटभर नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर इच, व्हेल्व्हेट, ब्रुकलिनेला आणि फ्लूक पाच मिनिटांत वेगळे ओळखता येतात. महाराष्ट्रात हे ज्ञान आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला आणि नागपूर, उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, परळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते ज्ञान शेततळ्यातल्या कोळंबीपर्यंत पोहोचतं, घरातल्या टाकीपर्यंत मात्र अजून नीट पोहोचलेलं नाही. या संस्थांनी आठवड्यातला एक दिवस शोभिवंत माशांच्या तपासणीसाठी ठेवावा, माफक शुल्क घ्यावं. विद्यार्थ्यांनाही नमुने मिळतील. आणि टाकी ठेवणाऱ्यांनी मेलेला मासा कचऱ्यात टाकू नये. फ्रीजरमध्ये गोठवला तर पेशी फुटून तपासणी बिघडते, तेव्हा तो पिशवीत घालून बर्फावर ठेवावा आणि त्याच दिवशी जवळच्या मत्स्य महाविद्यालयात विचारणा करावी.